लॅबचं दार वाजवायला एमएस्सी लागत नाही

गेल्या आठवड्यात एका बारावीतल्या मुलाच्या वडिलांचा फोन आला होता, मुलाला दगडांची आवड आहे, घरात बूट ठेवायच्या रॅकवर पण दगड ठेवलेत म्हणाले, तर याला कुठल्या लॅबमध्ये काही शिकायला मिळेल का, की आधी बीएस्सी, मग एमएस्सी आणि मगच कोणी उभं करेल. हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो, त्यामुळे म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू, कारण फोनवर सांगताना निम्मं राहून जातं.

मी भूशास्त्र शिकवते, कॉलेजात, आणि आमच्या लॅबमध्ये शनिवारी शाळेतली मुलं पण येतात. पण सुरुवात माझ्यापासून करते कारण मला जे सांगायचंय ते मी तशीच शिकलेय.

माझं गाव पाटण तालुक्यातलं. कोयनेचं खोरं. आमच्याकडे भूकंप हा घरातला विषय आहे, फडताळातली भांडी वाजली की आजी हातातलं काम न थांबवता "आला बघ" म्हणायची, आणि ११ डिसेंबर १९६७ची पहाट तिने इतक्या वेळा सांगितलीये की ती मी स्वतः बघितल्यासारखी वाटते. ६.३चा धक्का होता तो. शाळेत असताना हैदराबादहून माणसं यायची, यंत्रं बसवायची, जीपमधून जायची, आम्ही पोरं मागे पळायचो. पण त्यातल्या कोणाला काही विचारता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. आता कराडजवळ हजारमाचीला याच अभ्यासासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, २०१६-१७मध्ये गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक घेतलं, त्यात वरचा साधारण सव्वा किलोमीटर काळा दगड, बेसॉल्ट, आणि त्याच्या खाली एकदम वेगळा, कितीतरी जुना ग्रॅनाइट-नाइसचा खडक लागला. आमच्या पायाखाली सव्वा किलोमीटर लाव्हा आहे! हे मला दहावीत कोणी सांगितलं असतं तर मी झोपलेच नसते.

बीएस्सीला पुण्यात आले. दुसऱ्या वर्षी सुट्टीत एसटी कुंभार्ली घाटात बंद पडली, दीड तास उभी होती, तेव्हा मी घाटातली कापलेली दरड पहिल्यांदा नीट बघितली. काळा दगड, मग हातभर तांबडा पट्टा, मग परत काळा दगड. हा तांबडा पट्टा लहानपणापासून बघतेय, आमच्याकडे बायका अशीच तांबडी माती चुलीला, ओट्याला लावायच्या, पण दोन काळ्या दगडांच्या मधे ती आली कुठून हा प्रश्न कधी पडला नव्हता. परत आल्यावर आमच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, "पुस्तकात बघितलंस का?" मी म्हटलं हो, रेड बोल म्हणतात, एक लाव्हा येऊन थंड झाला, वरचा भाग हवा-पाण्याने कुजला, त्याची माती झाली, त्यावर पुढचा लाव्हा आला. सर म्हणाले, "सगळीकडे असंच झालं असेल का? काही ठिकाणी ती ज्वालामुखीची राख पण असू शकते, लोकांचं एकमत नाहीये. तुझ्या घाटातला पट्टा काय आहे ते तू सांग मला." बस, एवढंच बोलले आणि लॅबच्या कपाटाची किल्ली दिली.

तो माझा पहिला प्रोजेक्ट. आणि सहा महिन्यांतला निम्मा वेळ मी चिखल हलवत होते, खरंच. तांबड्या मातीतली सगळ्यात बारीक माती वेगळी काढायची असते, दोन मायक्रॉनच्या खालची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कारण क्ले मिनरल, म्हणजे चिकणमातीची खनिजं, त्यातच असतात. त्यासाठी माती पाण्यात कालवायची, गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडं कॅलगॉन टाकायचं, उंच बीकरमध्ये ढवळून ठेवायचं आणि मग थांबायचं. मोठे कण पटकन खाली बसतात, बारीक तरंगत राहतात, साधारण चार तासांनी वरच्या पाच सेंटिमीटर पाण्यात फक्त दोन मायक्रॉनपेक्षा लहान कण उरलेले असतात, ते पाणी पिपेटने अलगद ओढून घ्यायचं, बीकरला धक्का लागला तर परत ढवळा आणि परत चार तास. मग ते गढूळ पाणी काचपट्टीवर थेंब थेंब टाकून वाळवायचं, म्हणजे मातीचे पापुद्रे सपाट आडवे बसतात. ती पट्टी एक्सआरडीच्या, म्हणजे एक्स-किरणांनी खनिज ओळखायच्या, मशीनमध्ये जाते. आमच्याकडे मशीन नव्हतं, सरांनी दुसऱ्या संस्थेत बोलून दोन दुपारी मिळवून दिल्या.

आणि मग जे दिसलं ते मी आजही मुलांना दाखवते. एकच पट्टी तीनदा मशीनमध्ये घालायची. एकदा नुसती वाळवून, एकदा ग्लायकॉलच्या वाफेत रात्रभर ठेवून, एकदा ५५० डिग्रीला भाजून. मशीनच्या आलेखात पापुद्र्यांमधलं अंतर टेकडीसारखं उमटतं, माझ्या नमुन्यात पहिल्यांदा १४ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आसपास एक टेकडी आली, ग्लायकॉलनंतर तीच टेकडी सरकून १७ला गेली. म्हणजे पापुद्र्यांच्या मधे ग्लायकॉल शिरलं आणि ती माती फुगली! ते स्मेक्टाइट. आपल्या देशावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, त्याला कारणीभूत तेच स्मेक्टाइट. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तांबड्या पट्ट्यात आणि काकांच्या ज्वारीच्या रानात तेच खनिज, हे कागदावरच्या एका रेघेत दिसलं तेव्हा मी त्या लॅब असिस्टंट काकांना पण ओढून आणून दाखवलं होतं.

आता मी जे सांगणारे ते या चिखलातूनच आलंय. विद्यार्थ्याला लॅबमध्ये जागा मिळते ती या कामांमुळे. प्रत्येक भूशास्त्राच्या लॅबमध्ये कपाटं भरून नमुने पडलेले असतात, ट्रेमध्ये, गोणपाटात, टेबलाखाली, जे कोणीतरी कधीतरी घाटातून, नदीतून, विहिरीतून आणलेले असतात आणि कापायला, दळायला, चाळायला, मोजायला हात नसतात. पीएचडी करणारी मुलं आपापल्या कामात बुडालेली, सरांना तास, परीक्षा, समित्या. त्यामुळे जो विद्यार्थी येऊन म्हणतो की मला चाळण्या लावायला शिकवा, मी आठवड्यातून दोन दुपारी येईन आणि सेमिस्टरभर येईन, त्याला नाही म्हणणारे शिक्षक मी फार कमी बघितलेत. आणि ज्याच्याकडे स्वतःचा एक छोटा प्रश्न आहे, स्वतःच्या गावचा, त्याला तर बहुतेक जण बसवून घेतात. बरीच मुलं याच्या उलट जातात. त्यांना वाटतं आधी मोठा विषय पाहिजे, डायनासोर कसे मेले, मंगळावर पाणी होतं का. हे प्रश्न चांगलेच आहेत पण आठ आठवड्यांत त्याला हात कुठून लावणार. तुमच्या शेतातल्या विहिरीत किती फुटांवर कोणता दगड लागला हा प्रश्न आठ आठवड्यांत होतो.

विहिरीवरून आठवलं, आपल्या मुलांकडे जे आहे ते त्यांना कळत नाही याचं मला फार वाटतं. विहीर खणणारी माणसं मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, गेरू असे शब्द रोज वापरतात. मांजऱ्या म्हणजे तो मऊसर, बुडबुड्यांच्या भोकांत पांढरी खनिजं भरलेला बेसॉल्ट, त्याला पुस्तकात अमिग्डलॉइडल असं भलं मोठं नाव आहे, आणि पाणी कुठे लागेल हे बऱ्याचदा त्यावर ठरतं. ज्या मुलाने लहानपणी विहिरीचं काम चालू असताना काठावर बसून हे शब्द ऐकलेत तो शहरातल्या मुलापेक्षा पुढे आहे, फक्त लॅबमध्ये हे बोलायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आता संधी कुठे कुठे आहेत ते. शाळेपासून सुरू करते.

सहावी आणि नववीच्या मुलांना डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा माहीत असते, त्यात पुढच्या टप्प्यावर कृती संशोधन प्रकल्प करावा लागतो, तो भूशास्त्राचा घ्यायला कोणाची हरकत नसते, पण बहुतेक सगळे प्लास्टिक आणि कचरा घेतात. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद पण आहे, १० ते १७ वयाच्या मुलांसाठी, १९९३ पासून चालू आहे, तिथे तर स्थानिक प्रश्नच हवा असतो. आपल्या गावची माती, ओढ्यातली वाळू, विहिरींची पातळी, यातलं काहीही चालेल.

नववी ते बारावीसाठी एक फार चांगली गोष्ट आहे जी आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही, आंतरराष्ट्रीय भूविज्ञान ऑलिंपियाड. गणित-फिजिक्सचं ऑलिंपियाड सगळ्यांना माहीत, हे नाही. २००७मध्ये कोरियात पहिलं झालं, २०१३ला आपल्या म्हैसूरला झालं होतं. भारताचा संघ निवडायला जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया प्रवेश परीक्षा घेते, त्यातून निवडलेल्या मुलांचं शिबिर होतं. माझ्या मते मेडल राहू दे बाजूला, त्या परीक्षेचा अभ्यास म्हणून जे वाचलं जातं, खडक, हवा, समुद्र, आकाश सगळं एकत्र, त्यानेच डोळे उघडतात. 

अकरावी-बारावीला भूशास्त्र हा बोर्डाचा विषय आहे, हे सांगितलं की पालक माझ्याकडे बघत राहतात. आहे, पण मोजक्याच ज्युनियर कॉलेजात. मिळत असेल तर घ्या. नसेल मिळत तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन पण बीएस्सी जिऑलॉजीला येता येतं, माझं तसंच झालं.

शाळेतल्या मुलांना लॅबमध्ये काय करू द्यायचं यावर मात्र मी कडक आहे. चाळण्या, वजनकाटा, सूक्ष्मदर्शक, चुंबक, माती पाण्यात बसवणं, नकाशे, मोजमापं, एवढं भरपूर आहे. डायमंड ब्लेडच्या कटरजवळ एकट्याने जायचं नाही, दगडाची कोरडी पूड मास्कशिवाय उडवायची नाही कारण ती फुप्फुसात जाऊन बसते, आणि हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड आणि ब्रोमोफॉर्म हे दोन शब्द ऐकले तरी त्या खोलीत शाळेतल्या मुलाने थांबायचं नाही. कोणी कितीही हुशार असू दे.

काळ्या वाळूची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीकडची एक नववीतली मुलगी मामाकडे आली होती, मामा आमच्या कॉलेजात, तो तिला घेऊन आला. तिने कोल्ड्रिंकच्या बाटलीत वाळू आणली होती. तिचं म्हणणं, "मॅडम, ही काळी वाळू चुंबकाला चिकटते पण सगळी नाही चिकटत." मी म्हटलं दाखव. तिने कागदावर वाळू पसरली, चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली म्हणजे कण नंतर सोडवता येतात, ही युक्ती तिला कोणी शिकवली नव्हती, आणि फिरवला. काळ्या मिशा आल्या चुंबकाला. परत फिरवला, परत आल्या. पाच-सहा वेळा केल्यावर यायचं थांबलं, आणि कागदावर अजून काळे कण शिल्लक होते. "हे बघा, हे काळेच आहेत पण येत नाहीत, मग हे लोखंड नाही का?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. कारण तिने जे पकडलं होतं ते खरंच तसं आहे. कोकणातल्या काळ्या वाळूत मॅग्नेटाइट असतं आणि इल्मेनाइट असतं, मॅग्नेटाइट साध्या चुंबकाला धावत येतं, इल्मेनाइट लोह-टायटॅनियमचं ऑक्साइड, ते साध्या चुंबकाला नीट दाद देत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं आणि तिथल्या समुद्रतळाचं इल्मेनाइट हा मोठ्या संस्थांनी अभ्यासलेला विषय आहे, आणि ही नववीतली पोरगी बाटली घेऊन नेमकी तिथे येऊन उभी होती. मी तिला उत्तर लगेच सांगितलं नाही. म्हटलं, आता मला हे सांग की भरतीच्या रेषेजवळ काळी वाळू जास्त असते की पाण्याच्या कडेला. ती म्हणाली वर, भरतीच्या रेषेला. म्हटलं किती जास्त? गप्प. म्हटलं मोज. मग ती पुढच्या सुट्टीत पाच जागांवरून वाळू घेऊन आली, आम्ही प्रत्येकी १०० ग्रॅम वजन करून चाळण्यांची उतरंड लावली, शेकरवर १५ मिनिटं, मग प्रत्येक चाळणीतली वाळू वजन करून वहीत. सगळ्या चाळण्यांची बेरीज ९९.४ आली. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं ते ०.६ कुठे गेलं ते लिही, चाळणीच्या जाळीत अडकलं, टेबलावर सांडलं, जे असेल ते लिही, १०० आणायला आकडे बदलू नकोस, आणि हे सांगताना मला माझ्या सरांचा आवाज येत होता.

बीएस्सीच्या मुलांसाठी दारं जास्त आहेत. सगळ्यात आधी, तीन विज्ञान अकादम्या मिळून, बंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात. देशभरातल्या शास्त्रज्ञांबरोबर काम करायला मिळतं, पृथ्वीविज्ञान त्यात आहे, पैसे पण मिळतात. अर्ज दिवाळीच्या आधीपासूनच बघत राहायचे, एका शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं आणि तुम्हाला काय करायचंय ते थोडक्यात लिहावं लागतं, आणि तिथेच पोरं मार खातात, कारण "आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट सायन्स" यापलीकडे काही लिहिलेलं नसतं. तुम्ही आधी केलेलं एखादं छोटं काम, चाळण्यांचं का असेना, तिथे दोन ओळीत लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीतरी धरायला मिळतं.

दुसरं इन्स्पायर स्कॉलरशिप. बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि बीएस्सीला मूलभूत विज्ञान घेतलं असेल, भूशास्त्र त्यात धरतात, तर वर्षाला ८० हजार, त्यातले २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी म्हणून असतात. कित्येक मुलं पैसे घेतात आणि प्रकल्प कसाबसा उरकतात, असं करू नका हो, तोच तर खरा भाग आहे.

आणि आता नवीन शिक्षण धोरणात फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) हे सगळं कंपल्सरी झालंय, चौथं वर्ष रिसर्चचं घेता येतं, त्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. ओजेटी म्हटलं की मुलं जवळच्या ऑफिसात जाऊन सही-शिक्का आणतात. त्याऐवजी भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा ऑफिसात जा, निरीक्षण विहिरींची पातळी कशी मोजतात ते शिका, निदान काहीतरी हाताला लागेल.

संस्थांचं म्हणाल तर आपल्या आसपासच किती आहेत बघा. पुण्यात विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग, आयसर, आघारकर संस्था. लोणारचं पाणी जून २०२०मध्ये गुलाबी झालं होतं तेव्हा त्यामागे खाऱ्या पाण्यातले हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आहेत हे शोधण्यात आघारकरचे लोक होते. पवईला आयआयटीचा पृथ्वीविज्ञान विभाग. नवीन पनवेलला भूचुंबकत्व संस्था, लाव्हा थंड होताना त्यावेळचं चुंबकीय क्षेत्र दगडात कसं कोरून राहतं ते तिथे मोजतात, आणि दख्खनच्या बऱ्याचशा लाव्हात ते आजच्या उलटं आहे, म्हणजे त्या काळात होकायंत्र असतं तर उत्तरेच्या सुईने दक्षिण दाखवली असती. याच संस्थेची अलिबागची वेधशाळा १९०४ची, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची यंत्रं अलिबागला हलवली होती, कधी अलिबागला नुसतं बीचवर गेलात तर हे लक्षात ठेवा. गोव्यात दोना पावलाला समुद्रविज्ञान संस्था, वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र, जिथे अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे गाभे उणे २० डिग्रीच्या खोलीत ठेवतात, गोव्याच्या उकाड्यात आत गेलं की पापण्या जड होतात. बाहेर जायची तयारी असेल तर हैदराबादला एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था), अहमदाबादला पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा), डेहराडूनला हिमालयाच्या भूशास्त्राची वाडिया संस्था, आणि लखनौला जीवाश्मांचा अभ्यास करणारी बिरबल साहनी संस्था. ही शेवटची माझी लाडकी. साहनींनी दख्खनच्या लाव्हांच्या मधल्या थरात सापडणाऱ्या वनस्पतींच्या जीवाश्मांवर खूप काम केलं, संस्थेची कोनशिला त्यांनी स्वतः जीवाश्म बसवून तयार केली होती, ३ एप्रिल १९४९ला नेहरूंच्या हस्ते ती बसली आणि आठवड्याभरातच, १० एप्रिलला साहनी गेले. मी तिथे गेले तेव्हा त्या कोनशिलेसमोर बराच वेळ उभी होते.

एक मात्र सांगायला पाहिजे. हल्ली पैसे घेऊन "रिसर्च इंटर्नशिप" देणारे निघालेत, चार आठवडे ऑनलाइन, शेवटी रंगीत सर्टिफिकेट. दगडाला हात न लावता भूशास्त्राचं संशोधन होत नाही. आणि दहा ईमेल केल्या तर दोनच उत्तरं येतात हे पण खरंय, मला स्वतःला एका मोठ्या संस्थेच्या गेटवर दोन तास बसवून परत पाठवलं होतं, पत्र होतं हातात तरी. रडत बसस्टॉपला आले होते. दुसऱ्या ठिकाणी मिळालं.

ईमेलचं विचाराल तर एवढंच की ती छोटी ठेवा आणि त्यात तुमचा दगड दिसू द्या. मला आलेली सगळ्यात चांगली मेल चार ओळींची होती, मराठीत, "आमच्या विहिरीत २२ फुटांवर तांबडी माती लागली, तिच्या वर मांजऱ्या आहे आणि खाली काळा पाषाण, फोटो जोडलाय, पट्टी ठेवलीये मापासाठी. मी एफवायला आहे. याचं काही करता येईल का?" मी त्याच दिवशी फोन केला. पट्टी ठेवली होती ना फोटोत!

मुलं लॅबमध्ये आली की पहिला महिना मी बहुतेकांना थिन सेक्शन करायला बसवते. दगडाची चकती कापायची, एक बाजू काचेवर कार्बोरंडम पावडर आणि पाणी घेऊन घासायची, आधी २२०ची जाड पावडर, मग ४००, ६००, १०००, प्रत्येक वेळी मधे हात-काच-दगड सगळं धुवायचं, कारण २२०चा एक कण ६००मध्ये आला तर ओरखडा पडलाच. ती गुळगुळीत बाजू स्लाइडवर इपॉक्सीने चिकटवायची, जास्तीचा दगड कापून टाकायचा आणि दुसरी बाजू घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणायची. केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. ही जाडी पट्टीने मोजत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली दोन पोलरॉइडच्या मधे धरून प्लॅजिओक्लेज या खनिजाचा रंग बघतात, पिवळट दिसला तर अजून जाड आहे, करडा-पांढरा झाला की थांबायचं. शेवटची पाच मिनिटं श्वास धरून करायची, आठ गोल घासले, बघितलं, परत चार गोल, बघितलं, एखाद्या कोपऱ्यावर बोट जास्त दाबलं गेलं तर तिथला दगड संपतो आणि नुसती काच उरते, दोन दिवसांचं काम त्या दहा सेकंदात जातं. पण जेव्हा जमतं, आणि तो काळाकुट्ट, रस्त्यावर पडलेला दगड भिंगाखाली उजेडात येतो, करड्या-पांढऱ्या पट्टेदार काड्या, मधे ऑजाइट या खनिजाचे निळे-गुलाबी-पिवळे तुकडे, टेबल फिरवलं की एक विझतो आणि दुसरा पेटतो, तेव्हा मुलं काही बोलत नाहीत, नुसती फिरवत बसतात. मी पण अजून बसते.

आणि शेवटी माझ्या हातून झालेली चूक सांगते कारण ती मी प्रत्येक नवीन मुलाला सांगतेच. कुंभार्ली घाटातून पहिल्यांदा नमुने आणले तेव्हा ऑगस्ट होता, धो धो पाऊस. प्लास्टिकच्या पिशव्यांवर स्केचपेनने नंबर घातले होते. पुण्यात येऊन सॅक उघडली तर अकरापैकी सहा पिशव्या कोऱ्या. तांबडी माती सगळी सारखीच दिसते, कुठली पट्ट्याच्या वरची, कुठली मधली, कुठली खालची काही कळेना. मी अंदाजाने लावायला लागले होते, सरांनी बघितलं, शांतपणे विचारलं, "तुला नक्की माहितीये?" मी म्हटलं बहुतेक. त्यांनी त्या सहाही पिशव्या उचलल्या आणि मागे बागेत कुंड्यांत रिकाम्या केल्या. म्हणाले, जागा माहीत नसलेला नमुना म्हणजे कुंडीतली माती, परत जाऊन आण. त्या महिन्यात परत एसटीचं भाडं घालणं मला जड होतं, मेसचे पैसे द्यायचे होते, पण गेले. यावेळी प्रत्येक नमुना दोन पिशव्यांत, दोन्हीच्या मधे पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, वहीत रोडच्या मैलाच्या दगडापासून पावलं मोजून अंतर, आणि पट्ट्याच्या तळापासून किती सेंटिमीटरवर ते. पेन्सिल पावसात जात नाही.

ती वाळूवाली मुलगी आता अकरावीत आहे. मागच्या शनिवारी फोन आला होता, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर काळी वाळू सारखीच असते का ते तिला बघायचंय, मे महिन्यातले नमुने तिने घेऊन ठेवलेत, त्याच पाच जागांवर ऑक्टोबरमध्ये परत जायचंय. मी एवढंच विचारलं की मे महिन्याच्या पिशव्यांवर नंबर कशाने घातलेस. म्हणाली, "पेन्सिलने मॅडम, चिठ्ठी मधे आहे."